परतीची नळी गार का?

वेंडलने त्या आठवड्यात खोऱ्यातल्या दिसेल त्या माणसाला अर्लीनच्या पिकअपच्या बंपरखाली हात घालायला लावला होता. टपाल आणणारी बाई, गुरांचा डॉक्टर, चर्चमधून घरी निघालेलं एक अख्खं कुटुंब. माझी पाळी शनिवारी आली.

"घाल हात, मास्तरीण. चावत नाही."

मी घातला. रेडिएटरच्या पुढे त्याने गिअरबॉक्सच्या तेलासाठी नवा कूलर बसवला होता. मुलांच्या पाटीएवढा, पातळ पत्र्याच्या दाट पट्ट्यांचा. त्याला दोन रबरी नळ्या जोडलेल्या होत्या. पहिलीला बोट टेकवलं आणि तसंच मागे घेतलं. दुसरी गार होती. कोमट नव्हे, सावलीत पडून राहिलेल्या नळीसारखी गार. गाडी नुकतीच ट्रेलर ओढून नदीपर्यंत जाऊन आली होती.

"आत जाताना आग, बाहेर येताना बर्फ," वेंडल म्हणाला. "याला म्हणतात कूलर."

अर्लीन कुंपणाला टेकून उभी होती. "बर्फ आहे ना? मग काल घाटात गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत का गेला, ते विचार त्याला."

"काटा खोटं बोलतो."

"मागच्या वर्षीही खोटंच बोलत होता. आणि गाडीखालून धूर येत होता, तोही खोटा असेल."

अर्लीन माझी शेजारीण. वेंडल तिचा दीर, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, रोलंडचा, धाकटा भाऊ. मी इथल्या हायस्कूलमध्ये भौतिक आणि रसायन शिकवते, त्यामुळे काहीही तापलं, गोठलं किंवा फुटलं की माझ्याकडे निरोप येतो. यावेळी निरोप यायच्या आधीच मी तिथे होते, कारण ती गार नळी माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्यांची गुरं बॅजर घाटाच्या वरच्या कुरणांत जातात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस वर लाकडी खोपटात राहतो. गेली कित्येक वर्षं तो माणूस म्हणजे अर्लीन. बरोबर घोडी आणि पर्ल व डोरा या दोन खेचरी. गुरंवाल्यांच्या मंडळाचा एकच नियम कडक आहे: जो वर राहील त्याच्याकडे जनावरांचा भरलेला ट्रेलर ओढणारी स्वतःची गाडी हवी. वर फोन लागत नाही. एखाद्या खेचराचा पाय मोडला, किंवा स्वतःचाच मोडला, तर खाली आणायला कोणी येणार नाही. मागच्या जूनमध्ये अर्लीनची गाडी घाटाच्या मधोमध उकळली. ट्रेलरमध्ये खेचरी, डोक्यावर ऊन, आणि ती रस्त्याकडेला उभी. दुपार कलल्यावर लाकडाचा एक ट्रक आला तेव्हा कुठे सुटका झाली.

तेव्हापासून तिचा मुलगा क्लेटन एकच गोष्ट बोलत होता. त्या शनिवारीही बोलला. तो गोठ्यातून हात पुसत आला, नळीला हात न लावताच म्हणाला, "पुढच्या रविवारी मी शेजारी बसतो. खेचरी भरून घाट चढायचा. काटा लाल झाला तर विषय संपला, आई. हॉयटांची सून तयार आहे वर जायला."

"हॉयटांची सून? तिला खेचराचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली, ते दाखवायला लागतं."

"ती तिशीची आहे. तू सत्तरी ओलांडलीस."

"म्हणजे मला तेवढी जास्त वर्षं माहीत आहे शेपूट कुठली ते."

क्लेटन हसला नाही. तो वाईट माणूस नाही. त्या दिवशी ट्रकवाल्याने आईला घरी आणून सोडलं तेव्हा तिचे ओठ उन्हाने कसे फुटले होते, ते त्याने पाहिलेलं होतं.

तो गेल्यावर मी वेंडलला विचारलं, "कूलर बसवायच्या आधी काटा कुठपर्यंत जायचा?"

"लाल पट्टीच्या काठावर."

"आणि आता?"

त्याने टोपी मागे सरकवली. "थोडा आत."

"म्हणजे कूलर बसवल्यावर गिअरबॉक्स जास्त तापायला लागला."

"म्हणूनच म्हणतो, काटा खोटा आहे."

शक्यता होती. मीटर चुकतात. पण मला काटा आणि नळी दोघांवरही विश्वास ठेवून बघायचा होता. दोन्ही खरे असतील तर त्यांचं एकमेकांशी काय नातं असेल? रविवारी सकाळी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून वायरवाले तापमापक आणले. एकाची वायर गिअरबॉक्सखाली तेल साठतं त्या तबकाला पट्टीने चिकटवली, दुसऱ्याची कूलरमध्ये जाणाऱ्या नळीला, तिसऱ्याची परतीच्या नळीला. अर्लीनने गाडी चालवली, ट्रेलरमध्ये गवताचे गठ्ठे भरले होते, आणि मी शेजारी बसून आकडे वाचत होते. घाट नाही, फक्त स्मशानभूमीकडे जाणारा चढ.

आकडे विचित्र होते. आमच्या फॅरनहाइट अंशांत पाणी दोनशे बाराला उकळतं, या उंचीवर त्याच्याही थोडं आधी. तबक दोनशे तीसवर गेलं. आत जाणारी नळी जवळपास तेवढीच. आणि परतीची नळी पंचाहत्तर. बाहेरची हवा सत्तर होती.

"बघ!" परत आल्यावर वेंडल ओरडला. "दीडशे अंश उतरवले! दीडशे! दुकानातल्या पोराने मला तीस-चाळीस सांगितले होते."

"तेच तर खटकतंय," मी म्हणाले. "ते पोरगं बरोबर बोलत होतं."

"म्हणजे जास्त गार करतो हा त्याचा गुन्हा?"

अर्लीनने आतून कॉफी आणली होती. मी तिच्यात चमचा फिरवला. मग म्हणाले, "वेंडल, स्टोव्हवर सूप उकळतंय. मोठं पातेलं. तुम्ही एक चमचा भरता, खिडकीत धरता, पार गार होईपर्यंत थांबता, आणि परत पातेल्यात ओतता. मग दुसरा चमचा. चमचा किती गार होईल?"

"खिडकीएवढा."

"आणि पातेलं?"

अर्लीन बोलली. "पातेलं उकळतच राहणार. अगं बाई! म्हणजे हा आठवडाभर सगळ्या गावाला चमचा दाखवत फिरतोय."

"कदाचित," मी म्हणाले. "किती उष्णता बाहेर गेली ते नुसतं किती अंश उतरले यावर ठरत नाही. किती तेल तेवढं उतरलं, तेही बघावं लागतं. भरपूर तेल वाहत असतं तर ते कूलरमध्ये इतका वेळ थांबलंच नसतं, हवेइतकं गार झालंच नसतं. मला वाटतं, आतून तेल जवळजवळ वाहतच नाहीये."

"वाटतं," वेंडल म्हणाला.

"हो. नुसतं वाटतं. बादली आहे?"

तपासायची रीत सोपी होती. परतीची नळी गिअरबॉक्सजवळ सोडवायची, टोक दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये धरायचं, आणि इंजिन नुसतं चालू ठेवायचं. चांगल्या गाडीत मनगटाएवढी नाही, पण बोटाएवढी धार येते आणि कॅन बघता बघता भरायला लागतो. अर्लीन स्टिअरिंगवर बसली. मी आणि वेंडल खाली, पाठीखाली पुठ्ठा घालून.

"सुरू कर!"

इंजिन लागलं. आम्ही नळीच्या तोंडाकडे बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग लाल तेलाचा एक बारीक दोरा आला, जरा थरथरला, आणि तसाच राहिला.

"काय दिसतंय?" वरून अर्लीन.

"आटत आलेली गाय," वेंडल म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी इंजिन बंद करायला सांगितलं. आता कुतूहलात थोडी भीती मिसळली. धार बारीक असण्याची दोन कारणं असू शकतात. एक, वाटेत कुठेतरी अडथळा. दुसरं, गिअरबॉक्सच्या पोटातला पंपच थकलेला. पंप गेला असेल तर पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि ते काम पुढच्या रविवारपर्यंत होण्यासारखं नव्हतं. अर्लीन खाली वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"सांगून टाक, नॅडीन. मला गोड करून सांगू नकोस."

"अजून सांगण्यासारखं काही नाही. आधी उगमाशी बघू."

गिअरबॉक्समधून निघणारा पोलादी पाइप जिथे रेडिएटरला लागतो, तिथे तो सोडवला. कॅन धरला. "सुरू!"

धार इतकी जोरात आली की कॅनच्या तळाला आपटून माझ्या चष्म्यावर उडाली. वेंडल ओरडला, "बंद, बंद, बंद!" आणि मला हसू आवरेना. चष्म्यातून सगळं अंगण लाल दिसत होतं. पंप ठणठणीत होता. अडथळा पुढे, रेडिएटरपासून परतीच्या टोकापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी.

मग आम्ही एकेक भाग काढायला सुरुवात केली. रेडिएटरमधली तेलाची जुनी वाट: फुंकून बघितली, मोकळी. नवा कूलर: मोकळा. रबरी नळ्या कुठे मुडपलेल्या नव्हत्या. वेंडलचं काम नीटनेटकं असतं, प्रत्येक नळीला त्याने वळणावर आधार दिलेला. कूलर आणि परतीची नळी यांच्यामध्ये पितळेचा एक कोपरा होता, काटकोनात वळणारा, अंगठ्याएवढा. बाहेरून बाकीच्यांसारखाच. मी तो कापडाने पुसला, ओठांना लावला आणि फुंकलं.

माझे गाल फुगले. पलीकडून हवा आलीच नाही म्हणावं इतकी थोडी आली.

"कचरा अडकला असेल," वेंडल म्हणाला.

मी कोपरा उन्हाकडे धरला. आत, वळणाच्या तोंडाशी, पितळेची एक भिंत होती. तिच्या अगदी मधोमध एक गोल, स्वच्छ भोक. शिवणकामाची जाड सुई जाईल एवढं. ते कचऱ्याने झालेलं नव्हतं. कोणीतरी मुद्दाम, अचूक, तेवढंच पाडलेलं होतं.

"हा कुठून आणलात?"

"डब्यातून."

इथे प्रत्येकाच्या शेडमध्ये कॉफीचा एक मोठा डबा असतो. त्यात गेल्या तीन पिढ्यांचे नट, वॉशर, नळाची तोंडं, कशाचं काय माहीत नसलेलं पितळ. नवा भाग घ्यायला डोंगरापलीकडच्या गावी जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून आधी डबा. डब्यात आटे जुळणारं काही सापडलं की माणूस लॉटरी लागल्यासारखा खूश होतो आणि आत डोकावून बघत नाही.

वेंडलने कोपरा माझ्या हातून घेतला. उन्हाकडे धरला. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"हा ट्रॅक्टरचा आहे," तो हळूच म्हणाला. "पुढे माती उचलायचा लोडर असतो ना, त्याचा. बकेट एकदम खाली पडू नये म्हणून तेलाची वाट अशी बारीक करतात. मार्चमध्ये तो गळतोय असं वाटलं म्हणून मी काढून नवा साधा घातला, आणि हा टाकला डब्यात." तो थांबला. मग त्याच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या एकदम वर गेल्या. "थांबा. थांबा जरा. म्हणून!"

"म्हणून काय?" अर्लीन.

"म्हणून मार्चपासून माझा लोडर धाडकन आपटतोय! मी त्याचे दोन सील बदलले, पंपाला शिव्या घातल्या, तेल बदललं. परवा कुत्रा थोडक्यात वाचला!"

अर्लीन कुंपणाला धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "माझी गाडी बिघडवलीस, तुझा ट्रॅक्टर बिघडवलास, आणि तेही एकाच पितळेने! रोलंड असता तर त्याने तुला बक्षीस दिलं असतं."

"रोलंडचाच डबा आहे तो," वेंडल म्हणाला, आणि मग तोही हसला. पण नंतर पाना शोधण्याच्या निमित्ताने तो शेडमध्ये गेला आणि जरा उशिरा बाहेर आला. बाहेर येताना त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. डोंगरापलीकडे जाऊन तो नवा कोपरा, नवं तेल आणि फिल्टर घेऊन आला. जुन्या तेलाला करपलेल्या टोस्टसारखा वास येत होता. ते सगळं काढलं. पुन्हा कॅन धरला तेव्हा परतीच्या नळीतून बोटाएवढी धार आली. स्मशानभूमीच्या चढावर आत एकशे नव्वद, परत एकशे पासष्ट. परतीच्या नळीला आता हात लाववत नव्हता.

"बघा, गरम," वेंडल दुसऱ्या दिवशी टपालवाल्या बाईला सांगत होता. "घाला हात. गरम असायलाच हवी."

पण स्मशानभूमीचा चढ म्हणजे घाट नव्हे.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी आम्ही निघालो. अर्लीन स्टिअरिंगवर, क्लेटन खिडकीशी, मी मध्ये, मांडीवर तापमापकाचा डबा. मागे घोडी, पर्ल, डोरा आणि ताडपत्रीखाली बांधलेलं सामान. सामान जरा जास्त वाटलं, पण ट्रेलर खरोखरच्या वजनाचा हवा हे माझंच म्हणणं होतं. वेंडल त्याच्या पिकअपमधून मागे येत होता. "धूर दिसला तर शिट्टी मारतो," म्हणाला.

पहिल्या वळणांवर सगळं शांत होतं. एकशे नव्वद, दोनशे. क्लेटन माझ्या मांडीकडे बघत होता, रस्त्याकडे नाही. अर्ध्यावर चढ एकदम तीव्र होतो. तिथे आकडा चढायला लागला. दोनशे दहा. दोनशे अठरा.

"आई," क्लेटन म्हणाला.

"मला ऐकू येतं. आकडा बोलत नाही, तू बोलतोस."

दोनशे चोवीस. मला कळेना. तेल वाहत होतं, परतीची नळी तीसेक अंशांनी गार होती. कूलर त्याचं काम करत होता. म्हणजे उष्णताच जास्त तयार होत होती. मी इंजिनचा आवाज ऐकला. खालच्या, घोगऱ्या स्वरात, ओझ्याखाली कण्हत असल्यासारखा. गाडी सायकलच्या वेगाने चालली होती.

"अर्लीन, कुठल्या गिअरमध्ये आहेस?"

"नेहमीच्या."

"खालचा टाक. आणि इंजिन पळू दे."

"ते किंचाळतं मग. रोलंड म्हणायचा, इंजिन किंचाळलं की मागे जनावरं घाबरतात. चढावर हळू आणि शांत जायचं."

"जनावरं घाबरतील, पण उकळणार नाहीत. टाक."

"ही माझी गाडी आहे."

"हो. आणि हा तुझा उन्हाळा आहे."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि दांडी खाली ओढली. इंजिन उसळलं, खरंच किंचाळलं. मागे कोणीतरी खूर आपटला. गाडीचा वेग किंचित वाढला. आकडा दोनशे सव्वीसवर जाऊन थांबला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो, अर्लीन एका डोळ्याने. दोनशे पंचवीस. दोनशे एकवीस.

"हे काय?" क्लेटन म्हणाला. "इंजिन जास्त पळतंय आणि तेल गार होतंय? उलटं आहे हे."

"समोरासमोर दोन टेबलफॅन ठेव," मी म्हणाले. "एकच चालू कर. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरतात. या गाडीत इंजिन म्हणजे पहिला पंखा, चाकं म्हणजे दुसरा, आणि मध्ये वाऱ्याऐवजी तेल. दुसरा पंखा कोणी हाताने अडवून धरला तर पहिला नुसताच तेल घुसळत राहतो. ती घुसळण म्हणजे उष्णता. खालच्या गिअरमध्ये चाकांना जोर मिळतो, दुसरा पंखाही वेगात फिरतो, घुसळण कमी."

क्लेटन पुन्हा आकड्याकडे वळला. दोनशे बारा. देवदारांची सावली लागली आणि चढ संपला तेव्हा दोनशे चार होतं. लाल पट्टी दोनशे चाळीसला सुरू होते.

वरच्या कुरणात अर्लीनने गाडी खोपटापाशी उभी केली, इंजिन जरा वेळ तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. बर्फाचे डाग अजून झाडांखाली होते. क्लेटन उतरला, वाकून गाडीखाली बघितलं. कुठे थेंबही नव्हता. तो सरळ झाला तेव्हा अर्लीनने ट्रेलरचं दार उघडून पर्लला बाहेर काढलंही होतं, आणि ताडपत्री सोडत होती. खाली पिठाची पोती, कंदील, रजया, मिठाच्या लाद्या.

"आई, हे काय? आज फक्त चाचणी होती."

"झाली की चाचणी."

"म्हणजे तू राहणार? आजच?"

"गाडी इथे, खेचरी इथे, पीठ इथे. खाली जाऊन पुन्हा किंचाळत वर येऊ का? डोराला विचार."

"आणि तापली असती तर?"

"तर वेंडल मला आणि जनावरांना ओढत खाली नेणार होता आणि हॉयटांच्या सुनेला मी स्वतः पीठ नेऊन देणार होते. तसं ठरलं होतं आमचं." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. मग गाठ सोडता सोडता थांबली. "मला वाटलं होतं, गाडी तापणारच आणि तो नेणारच."

वेंडल त्याच्या पिकअपपाशी उभा राहून टोपीच्या कडेशी खेळत होता. क्लेटनने आईकडे बघितलं, मग काकाकडे, मग पिठाच्या पोत्यांकडे. त्याने एक पोतं खांद्यावर घेतलं आणि खोपटाकडे चालायला लागला. दाराशी वळून म्हणाला, "दर रविवारी मी वर येणार. आणि चढावर खालचाच गिअर."

"हो रे बाबा."

"ते किंचाळणं ऐकायला आलं पाहिजे मला. खालपर्यंत."

परत जाताना वेंडलच्या गाडीत आम्ही तिघं दाटीने बसलो. पहिल्या उतारावर क्लेटन म्हणाला, "नॅडीन, एक सांग. उतारावर तर चाकंच इंजिनला फिरवतात. मग तेव्हा कुठला पंखा कुठल्याला वारा देतो?"

मी समोरच्या धुळकट फळीवर बोटाने दोन पंखे काढले. प्रश्न चांगला होता; मधला बाण या वेळी मी चाकांकडून इंजिनकडे काढला.